नवा लॅपटॉप आला, फाइली आल्या, काम मात्र येईना

नवीन लॅपटॉप घेतल्यावरची तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सगळं कॉपी केलंय, तरी जुन्यावर चालायचं ते यावर चालत नाही." कुणाच्या मराठी कागदपत्रांत अगम्य चिन्हं दिसतात, कुणाचे पासवर्ड गायब होतात. कुणी जुनी डिस्क नव्याला जोडली की ती भलीमोठी आकडी किल्ली मागते, तर कुणाचा कोरा करकरीत लॅपटॉप बॅगेत बंद असताना तापतो. मग दोष नव्या लॅपटॉपला दिला जातो, तो बदलून मागितला जातो, आणि बदलून आलेल्यावरही तेच होतं.

होणारच. जुन्या लॅपटॉपवरचं तुमचं काम नुसत्या फाइलींवर चालत नव्हतं. फाँट, ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचे परवाने, ब्राउझरने साठवलेले पासवर्ड, डिजिटल सहीची प्रमाणपत्रं यांतलं बरंचसं त्या यंत्राला किंवा त्यावरच्या विंडोज खात्याला बांधलेलं असतं. 'डॉक्युमेंट्स' फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला म्हणून ते सोबत येत नाही. त्यामुळे रोजची सगळी कामं नव्यावर एकदा तरी करून होईपर्यंत जुना लॅपटॉप पुसू नका, विकू नका, भाच्याला देऊन टाकू नका. खालच्या निम्म्या अडचणींचं उत्तर जुना लॅपटॉप पुन्हा चालू करूनच मिळतं.

सध्या या तक्रारी वाढण्यामागे एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे आज जे लॅपटॉप बदलतायत त्यांच्यातले बरेचजण आठ-दहा वर्षं जुन्या यंत्रावरून थेट आजच्यावर उडी मारतायत, आणि मधल्या काळात बदललेलं सगळं त्यांच्या अंगावर एकदमच येतं. ही पोस्ट विंडोजपुरतीच आहे.

डिस्क बाहेर काढण्याआधी किल्ली शोधा

जुना लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून त्यातली डिस्क काढली, यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून नव्याला जोडली, आणि समोर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, उभा. "मी तर असलं काही कधी लावलंच नव्हतं" हे वाक्य यानंतर हमखास ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. विंडोजच्या होम आवृत्तीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने तीच सोय असते. हार्डवेअर त्या लायकीचं असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर ती न विचारता सुरू होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हार्डवेअरच्या अटी आणखी सैल झाल्या. तेव्हा तुमचा नवा लॅपटॉपही आधीच कुलूपबंद आहे असं धरून चाला.

मदरबोर्डवरची टीपीएम चिप लॅपटॉप सुरू होताना हे कुलूप परस्पर उघडते, म्हणून रोजच्या वापरात ते दिसत नाही. डिस्क दुसऱ्या यंत्रात गेली की चिप मागेच राहते आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती सापडण्याच्या जागा मोजक्या आहेत. आधी मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आपल्या खात्यात लॉगिन करा आणि उपकरणांच्या यादीत त्या लॅपटॉपखाली पाहा. लॅपटॉपवर ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं असेल तर की तिथल्या आयटीवाल्यांकडे असते. नाहीतर कुणी कधी छापून किंवा पेनड्राइव्हवर ठेवली असेल तेवढाच आधार. घरात दोन-तीन जणांची खाती असतील तर सगळी तपासा, कारण की बहुधा ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करून दिला त्याच्या खात्यात गेलेली असते. रोज वापरणाऱ्याच्या खात्यात असेलच असं नाही. एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर पडद्यावरच्या 'की आयडी'ची सुरुवातीची आठ अक्षरं जुळवून बघा, म्हणजे नेमकी कोणती ते कळेल.

की कुठेच नसेल तर डेटा गेला. याला पळवाट नाही, आणि "काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्यात अर्थ नाही.

जुना लॅपटॉप अजून चालू होत असेल तर हे सगळं टळतं. 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त (विंडोज १० वर 'अपडेट अँड सिक्युरिटी'त) जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होऊ द्या. मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागू शकतात. डिस्क काढायचीच नसेल तर तेही नको. जुना लॅपटॉप चालू असताना साध्या एक्स्टर्नल डिस्कवर फाइली कॉपी केल्या तर त्या कुलपाविनाच बाहेर पडतात.

कुलूप नसलेल्या डिस्कवरही 'यूजर्स'मधलं जुनं नाव उघडताना 'परमिशन नाही' असं येतं. डिस्क बिघडलेली नाही. फाइलींवर जुन्या खात्याचा हक्क आहे एवढंच. 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा. फाइली भरपूर असतील तर वरची हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते. तेवढ्यात वायर उपटू नका.

आणि एन्क्लोजर घेताना डिस्क हातात धरून बघा. जुनी अडीच इंची डिस्क साटा जातीच्या जोडणीची असते. एम.टू च्या छोट्या पट्टीच्या दोन जाती आहेत: साटा आणि एनव्हीएमई. टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर एनव्हीएमई. एका जातीचं एन्क्लोजर दुसरीला वाचत नाही. "डिस्क मेली" म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी पट्ट्या चुकीच्या एन्क्लोजरमध्ये घातलेल्या असतात.

जुनी डिस्कच नव्यात बसवून चालेल का?

चालवू नका, असंच माझं मत. क्लोन करण्याचा, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करण्याचा, मोह कळतो: सगळं आहे तसं, आयकॉनसुद्धा जागच्या जागी. पण जुनी विंडोज जुन्या पद्धतीच्या बायोसवर (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली), एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेली असेल तर नवा लॅपटॉप तिला बूट डिस्क म्हणून ओळखतच नाही, कारण नव्या लॅपटॉपमध्ये फक्त यूईएफआय ही बायोसची पुढची पिढी असते. जुन्या पद्धतीचा आधार इंटेलने २०२० च्या सुमारास काढून टाकला. विंडोज १० पासून एमबीआरची जीपीटी ही नवी मांडणी करणारं साधन विंडोजमध्येच मिळतं, त्यामुळे हा अडथळा पार करता येतो. पण पुढे डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा निघतो आणि निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. तोही सोडवला, तर ॲक्टिव्हेशन अडतं. लॅपटॉपसोबत आलेला विंडोजचा परवाना त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डलाच बांधलेला असतो. नव्याच्या फर्मवेअरमध्ये त्याची स्वतःची की आहे, पण ती होम आवृत्तीची असेल आणि तुम्ही प्रो क्लोन करून आणली असेल तर त्यांचं जमत नाही. एवढं सगळं करून हाती काय येतं? जुन्या यंत्राचे ड्रायव्हर आणि वर्षानुवर्षांचा गाळ.

नव्यासोबत आलेली विंडोज ठेवा किंवा कोरी टाका. कोरी टाकताना दोन अडथळे नेहमी येतात. पहिला म्हणजे इन्स्टॉलर म्हणतो की डिस्कच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. डिस्क लगेच दिसते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही ती दिसते, पण मग ते बंदच ठेवावं लागतं. आधीच चालत असलेल्या विंडोजखाली ते बंद केलंत तर मघाचाच निळा पडदा भेटेल.

दुसरा अडथळा वाय-फायचा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते, आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसल्यामुळे नेटवर्कची यादी रिकामी. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. विंडोजला तो वायरचं नेटवर्क वाटतो आणि काम पुढे सरकतं.

मराठी फाइली उघडल्यावर चिन्हांचा चिखल

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण कंपन्यांच्या मदतपानांवर याचं उत्तर नसतं.

जुन्या वर्ड फाइलींमध्ये मराठी मजकूर बऱ्याचदा युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) नसतो. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपीचे किंवा आयएसएमचे फाँट वापरून तो टाइप झालेला असतो. अशा फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या त्या अक्षराच्या जागी देवनागरी तुकडा दाखवण्याचं काम फाँट करतो. नव्या लॅपटॉपवर तो फाँट नसला की वर्ड दुसरा कुठला तरी फाँट लावतं आणि खाली जे मुळात होतं ते उघडं पडतं. फाइल खराब झालेली नसते. म्हणून घाबरून तिच्यावर 'रिपेअर'चे प्रयोग करू नका, आणि सगळा मजकूर निवडून त्याला मंगल किंवा निर्मला लावू नका. त्याने देवनागरी दिसत नाहीच, उलट कुठल्या मजकुराला मूळ कुठला फाँट होता ही खूण पुसली जाते. एकाच फाइलीत दोन-तीन फाँट मिसळलेले असतील, आणि ते असतातच, तर नंतर उलगडा करणं फार अवघड जातं.

जुना लॅपटॉप चालू करा, विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधून ते फाँट उचला आणि नव्यावर आणा. तिथे फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फाँट फक्त चालू खात्यापुरता बसतो आणि काही जुनी सॉफ्टवेअरं तो बघतच नाहीत. "वर्डमध्ये दिसतो, दुसरीकडे दिसत नाही" ही तक्रार इथूनच येते. श्रीलिपी किंवा आयएसएमसारखी पॅकेजेस विकत घेतलेली असतील तर फाँट आणून जुनी फाइल वाचता येईल, पण टाइप करायला पूर्ण पॅकेज नव्यावर परवान्यासह बसवावं लागेल. त्याला डाँगल (परवान्यासाठी यूएसबीत लावायची चावी) असेल तर त्याचा ड्रायव्हर ६४ बिटी विंडोजसाठी मिळतो का, हे जुना लॅपटॉप देऊन टाकण्याआधी विचारून घ्या.

त्या जुन्या फाँटमध्ये नव्या लॅपटॉपवर काही टाइप करणार असाल तर वर्डचं 'ऑटोकरेक्ट' आधी बंद करा. ते वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. इंग्रजीत त्याने बिघडत नाही, पण या फाँटमध्ये लहान आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांच्या जागी वेगवेगळे देवनागरी तुकडे असतात, म्हणून टाइप करता करता अक्षर पालटतं. लोक याला कीबोर्डचा दोष समजतात. जुन्या लॅपटॉपवर हे सेटिंग कुणीतरी कधीकाळी बंद करून ठेवलेलं असतं आणि त्याची आठवण कुणालाच नसते.

मात्र हे सगळं तात्पुरतं. ज्या फाइली पुन्हा वापरायच्या आहेत त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर करणारी साधनं मिळतात. कुठलंही वापरलंत तरी मूळ फाइल वेगळी जपा आणि निकाल वाचून काढा. रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं इथे हटकून घसरतात, आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द व आकडे रूपांतरात देवनागरीच्या तुकड्यांत विरघळून जातात. ज्या फाइली फक्त जपायच्या आहेत त्यांची जुन्या लॅपटॉपवरच पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट आत बसतो आणि पान जसंच्या तसं राहतं. मात्र त्यातून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा रोमन चिन्हंच हाती येतील.

डीटीपीवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. जुने फाँट पोस्टस्क्रिप्ट टाइप-वन जातीचे असतील तर अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा आधार काढलाय. नव्या इनडिझाइनमध्ये ते दिसणार नाहीत. ट्रूटाइप किंवा ओपनटाइप आवृत्ती शोधा. आणि पेजमेकरच्या फाइली इनडिझाइन सीएस६ पर्यंतच थेट उघडत होत्या. नव्या सीसी आवृत्त्यांत ती सोय नाही. सीएस६ जुन्या लॅपटॉपवर असेल तर त्या फाइली तिथेच रूपांतरित करून मग नव्यावर आणा.

युनिकोड फाइलींनाही एक छोटा धक्का बसतो. मंगलमध्ये टाइप केलेला पन्नास पानी अहवाल नव्या लॅपटॉपवर त्रेपन्न पानांचा होतो, तक्ते सरकतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फाँट आपोआप येत नाहीत. फक्त निर्मला येतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि तिथून 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' घ्या. पानं जागेवर येतात.

टायपिंगचं म्हणाल तर 'मराठी' जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक'ही आहे. गूगल इनपुटचा विंडोजवर टाकायचा जुना इन्स्टॉलर गूगलने केव्हाच बंद केला, त्यामुळे तो शोधत भलत्यासलत्या साइटवरून काही उतरवून घेऊ नका. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेल्यांना मात्र वेगळं साधन लागतंच. जुन्यावर नेमकं कोणतं होतं त्याचं नाव आणि आवृत्ती टिपून ठेवा.

पासवर्ड, मेल आणि सहीचं प्रमाणपत्र

क्रोम किंवा एजचा पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलून नव्यावर ठेवला तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोज खात्याच्या गुप्त किल्लीने कूटबद्ध असतात, आणि ती किल्ली नव्या खात्याकडे नसते. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखंच ठेवलं तरी फरक पडत नाही. जुन्यावर ब्राउझरमध्ये लॉगिन करून सिंक सुरू करा, किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करून नव्यावर इम्पोर्ट करा. एक्स्पोर्टची फाइल कुणीही उघडून वाचू शकेल अशी साधी असते, म्हणून काम झाल्यावर दोन्हीकडून आणि रिसायकल बिनमधूनही काढा.

आउटलुकवर पीओपी (मेल लॅपटॉपवर उतरवून घेणारं) खातं वापरणाऱ्यांचा मेल कित्येकदा फक्त जुन्या लॅपटॉपवरच असतो, कारण सर्व्हरवरून उतरवून झाला की तिथून पुसला जातो. नव्यावर खातं जोडलं की इनबॉक्स रिकामा दिसतो आणि पोटात गोळा येतो. जुन्यावरची पीएसटी फाइल (आउटलुक मेल साठवतं ती) शोधा, आउटलुक बंद करून ती कॉपी करा आणि नव्यावर जुन्या धाटणीच्या, म्हणजे 'क्लासिक' आउटलुकमध्ये उघडा. नव्या लॅपटॉपवर आधीपासून असणारं 'न्यू आउटलुक' हे वेगळंच सॉफ्टवेअर आहे, पीएसटीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. ओएसटी नावाची फाइल मात्र आणू नका; ती सर्व्हरवरच्या मेलची त्या यंत्रापुरती प्रत असते आणि दुसरीकडे सरळ उघडत नाही.

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र विंडोजमध्येच ठेवलेलं असेल तर ते जुन्यावरून 'प्रायव्हेट की'सह पीएफएक्स फाइल म्हणून बाहेर काढावं लागतं. ज्या वेळी ते टाकलं तेव्हा की बाहेर काढता येणार नाही असं निवडलेलं असेल तर ते हलतच नाही. नवं मिळेपर्यंत जुन्या लॅपटॉपवरूनच सही करावी लागेल. यूएसबी टोकनचं (प्रमाणपत्र ज्यात साठवलेलं असतं त्या यूएसबी उपकरणाचं) सोपं आहे: नव्यावर टोकनचा ड्रायव्हर टाका आणि टोकन लावा.

इथे एक गोष्ट लॅपटॉप घेण्याआधीच बघायची. 'सेटिंग्ज'मधल्या 'अबाउट'मध्ये प्रोसेसर आर्म जातीचा दिसत असेल (स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप), तर नेहमीची सॉफ्टवेअरं अनुकरणाने चालतात, पण ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. जुना प्रिंटर, स्कॅनर, टोकन, डाँगल यांचे ड्रायव्हर आर्मसाठी निघालेले नसतात आणि त्यावर इलाज नसतो. ज्याच्या टेबलावर असल्या चार वस्तू आहेत त्याने आर्मच्या वाटेला जाऊ नये.

वनड्राइव्हचा उलटा फटका

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बहुधा वनड्राइव्हमध्ये जातात. फुकट जागा ५ जीबी, ती लगेच भरते आणि 'जागा संपली' हा संदेश सुरू होतो. लोकांना वाटतं लॅपटॉपची डिस्क भरली. डिस्कचा याच्याशी संबंध नाही. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या फोल्डरांचा बॅकअप थांबवा आणि फाइली पुन्हा लॅपटॉपवरच्या मूळ फोल्डरात आल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा. नावापुढे ढगाचं चिन्ह असलेली फाइल लॅपटॉपवर नाहीच, इंटरनेट नसेल तर ती उघडणार नाही.

खरा फटका नंतर बसतो. नव्यावर सगळं आलं म्हणून जुना रिकामा करायला घेतला आणि फोल्डर निवडून डिलीट दाबलं. जुनाही त्याच खात्याला जोडलेला, त्यामुळे त्या फाइली ढगातून गेल्या आणि काही मिनिटांत नव्यावरूनही. तसं झालंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये जा. वैयक्तिक खात्यात तिथे फाइली ३० दिवस राहतात. जुन्यावर काहीही पुसण्याआधी वनड्राइव्ह 'अनलिंक' करायचं.

झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागाच

जुन्या लॅपटॉपमध्ये झाकण मिटलं की एस-थ्री नावाची गाढ झोप लागायची: मेमरीला थोडी वीज, बाकी सगळं बंद. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये ती झोपच नाही. त्याऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असतं. पडदा विझतो, पण यंत्र फोनसारखं अर्धं जागं राहून मेल आणतं, अपडेट उतरवतं. एखादा ड्रायव्हर अडेल निघाला की ते पूर्ण जागं होतं आणि बंद बॅगेत पंखा भणभणत राहतो. सकाळी बॅटरी रिकामी. जुन्या सवयीने झाकण मिटून बॅगेत टाकणाऱ्यांना हे हटकून भोगावं लागतं.

कमांड प्रॉम्प्टमध्ये दिलेला 'powercfg /a' हा आदेश उपलब्ध झोपांची यादी देतो. त्यात 'एस झिरो लो पॉवर आयडल' दिसलं तर तुमचा लॅपटॉप याच जातीचा. बायोसमध्ये एस-थ्रीचा पर्याय दिलेला असेल तर भाग्य, बहुतेकांत नसतो. मग कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (चालू काम डिस्कवर जपून लॅपटॉप बंद होणं) लावा. तो पर्याय यादीत दिसत नसेल तर त्याच पानावर 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला' अशा अर्थाची ओळ आहे. ती दाबून हायबरनेटवर खूण करा. सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण बॅटरी जवळपास जिथल्या तिथे राहते. शिवाय चार्जर काढून मग झाकण मिटायची सवय लावा. चार्जरवर असताना मिटलेला लॅपटॉप स्वतःला वीज आहे असं समजून कामं काढत बसतो, आणि नंतर वायर काढली तरी काही यंत्रं त्याच गैरसमजात राहतात.

बाकीच्या किरकोळ कुरबुरी

५१२ जीबी घेतली आणि ४७६ दिसते: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत, फसवणूक नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते: ती जपण्यासाठी लॅपटॉपच्या कंपनीच्या ॲपमध्ये मर्यादा घातलेली असते, हवी तर काढा. जुनी सॉफ्टवेअरं धूसर दिसतात, कारण नव्या पडद्यावर विंडोज सगळं १२५ किंवा १५० टक्के मोठं करून दाखवतं. त्या प्रोग्रॅमच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कंपॅटिबिलिटी'त हाय-डीपीआयचं सेटिंग बदलून बघा. कधी अक्षरं स्पष्ट पण मुंगीएवढी होतात, मग दोन्हींतलं सुसह्य ते निवडा. पहिले एक-दोन दिवस नवा लॅपटॉप जुन्यापेक्षा मंद वाटला तर चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा; अपडेट, शोधसूची आणि अँटीव्हायरस तपासणी एकदम चालू असतात. सोबत आलेला चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस मात्र काढाच, विंडोजचा स्वतःचा पुरतो. जुन्याची रॅम नव्यात घालायचा विचार असेल तर डीडीआर-फोर आणि डीडीआर-फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली असते.

टाइप-सी चार्जिंगवर एक जास्तीचं वाक्य: फोनची साधी केबल ६० वॉटच्या वर नेत नाही, त्यामुळे १०० वॉटचा चार्जर लावूनही 'स्लो चार्जर'चा संदेश आला तर आधी केबल बदला, मग चार्जरला नावं ठेवा. प्रत्येक टाइप-सी भोक चार्जिंगही करतं आणि मॉनिटरही चालवतं असं नाही, भोकाशेजारचं चिन्ह बघा.

जुना लॅपटॉप देऊन टाकताना

जी सॉफ्टवेअरं ठरावीक यंत्रांवरच चालतात त्यांच्यातून आधी 'डीॲक्टिव्हेट' करा; यंत्र पुसल्यावर तो परवाना सोडवायला कंपनीच्या मदत केंद्राशी झगडावं लागतं. ब्राउझर आणि वनड्राइव्हमधून बाहेर पडा. मग 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा. नाहीतर फाइली नुसत्या दिसेनाशा होतात, परत काढता येतात. हे होताना चार्जर लावलेलाच ठेवा. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या उपकरणांच्या यादीतून तो लॅपटॉप काढा, पण त्याच्या डिस्कची रिकव्हरी की अजून कुठे लागणार नाही ना हे बघून. बायोसला पासवर्ड घातला असेल तर तोही काढा. रीसेटने तो जात नाही, आणि पुढच्या मालकाला तो काढण्यासाठी बहुधा उत्पादकाकडे खरेदीची पावती घेऊन जावं लागतं, जी तुमच्या नावावर असते.